बोअर किती पाणी पितं? जुनी सोसायटी हरित करताना तज्ज्ञांशी झालेलं बोलणं

वार्षिक सर्वसाधारण सभेत ‘सोसायटी ग्रीन करायची’ असा ठराव होतो, टाळ्या पडतात आणि पुढच्या आठवड्यापासून कोटेशनं यायला लागतात. सोलरवाले येतात, रेनवॉटरवाले येतात, एसटीपी, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया प्रकल्प, दुरुस्त करून देणारे येतात. जो तो आपापली वस्तू विकतो, त्यात गैर काही नाही. पण कोटेशन मागवण्याआधी जाणकारांशी नुसतं बोलून घ्यायचा एक टप्पा असतो आणि बहुतेक सोसायट्या नेमका तोच गाळतात. पुण्याच्या बाणेर भागातल्या चार इमारतींच्या, 96 सदनिकांच्या सोसायटीसाठी आम्ही तो टप्पा नीट पार पाडला. एक भूजलतज्ज्ञ, सांडपाणी प्रक्रियेतले एक अभियंता, सौर यंत्रणेचे एक सल्लागार आणि हरित इमारतींच्या मानांकनाचं काम करणाऱ्या एक वास्तुविशारद, अशा चौघांशी वेगवेगळं बोलणं झालं. काय विचारलं, काय कळलं आणि त्यातून कामाचा क्रम कसा ठरला, ते इथे लिहितो आहे. हा क्रमच सगळ्यात महत्त्वाचा, कारण पैसे वाया जातात ते चुकीच्या वस्तूपेक्षा चुकीच्या क्रमामुळे.

बोलायला बसण्याआधी एक फाइल तयार ठेवावी. तिच्यात सामायिक वीजमीटरची बारा महिन्यांची बिलं, टँकरची व्हाउचरं, पाण्याच्या टाक्यांची लांबी-रुंदी-उंची, ड्रेनेजचा मंजूर नकाशा, गच्चीचा आराखडा आणि बोअर खोदला तेव्हाची नोंद. शेवटचा कागद बहुधा सापडत नाही. तरी जुन्या सेक्रेटरींना, बोअरवाल्याला, बिल्डरच्या ऑफिसला विचारावं. किती फुटांवर मुरूम संपला, केसिंग, म्हणजे बोअरच्या वरच्या भागातला पाइप, कुठपर्यंत घातलं, पाणी कितव्या फुटाला लागलं, एवढं समजलं तरी भूजलतज्ज्ञाचं निम्मं काम होतं. फाइल नसेल तर तज्ज्ञ सर्वसाधारण बोलतो आणि आपण सर्वसाधारण ऐकतो. तासभर छान गप्पा होतात, पण हाती काही लागत नाही.

सांडपाणीवाले अभियंता फाइल चाळून म्हणाले, “यात टँकर किती आले ते आहे. पाणी जातं कुठे ते कुठाय?” एसटीपीबद्दल त्यानंतरच बोलू, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. हिशेब साधा आहे. घरगुती वापरासाठी माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. घरटी चार माणसं धरली तर 384 माणसांना साधारण 52,000 लिटर लागायला हवेत. सोसायटीचा प्रत्यक्ष वापर 60,000 च्या वर जात होता. वरचे आठ-नऊ हजार लिटर कुठे जातात, ते शोधायला कुठलंही यंत्र लागत नाही.

गच्चीवरच्या टाक्या रात्री बारापर्यंत भरून घ्यायच्या, पंप बंद करायचा आणि टाकीत पट्टी सोडून पातळी टिपायची. पहाटे चारला पुन्हा टिपायची. 4 मीटर बाय 3 मीटरच्या टाकीत पातळी एक सेंटिमीटर उतरली की 120 लिटर गेले. मध्यरात्री कुणी फारसं पाणी वापरत नाही, त्यामुळे चार तासांत दोन-तीन सेंटिमीटर उतरणं ठीक. आमच्या एका इमारतीत पातळी 12 सेंटिमीटर उतरली. म्हणजे 1,440 लिटर, तासाला 360, दिवसाला 8,640. जवळजवळ एक टँकर रोज, आणि तोही कुणाच्या नजरेला न पडता, कारण हे पाणी फ्लशच्या टाकीतून थेट कमोडमध्ये झिरपत असतं. आवाज नाही, ओल नाही.

घराघरांतली गळती शोधायला खाण्याचा रंग पुरतो. फ्लशच्या टाकीत चमचाभर रंग घालायचा, वीस मिनिटं फ्लश करायचा नाही. भांड्यात रंग उतरला की खालचं रबर गेलं. रबर बदलणं हे प्लंबरचं दहा मिनिटांचं काम. दुसरी जागा म्हणजे तळमजल्यावरच्या टाकीचा बॉलकॉक. तो नीट बसत नसेल तर ओव्हरफ्लो पाइपातून पाणी थेट चेंबरमध्ये जातं. ओव्हरफ्लोचं तोंड दिसेल असं बाहेर काढून ठेवावं, म्हणजे वाहायला लागलं की वॉचमनच्या लक्षात येतं.

नळाच्या तोंडाला बसवायच्या एरेटरबद्दल, म्हणजे धार कमी करणाऱ्या जाळीबद्दल, मात्र अभियंत्यांचं म्हणणं आम्हाला वेगळं वाटलं आणि पटलंही. दहा लिटरची बादली 48 सेकंदांत भरत असेल तर तो नळ मिनिटाला साडेबारा लिटर देतो. एरेटर लावून तो सहावर आणता येतो. पण बाथरूममधल्या बादलीच्या नळाला एरेटर लावून काहीच वाचत नाही. बादली तेवढीच लागते, फक्त भरायला दुप्पट वेळ जातो आणि लोक वैतागून एरेटर काढून टाकतात. लावायचा तो वॉशबेसिनला आणि भांड्यांच्या सिंकला, जिथे पाणी वाहत ठेवून काम होतं. बोअरचं पाणी येत असेल तर क्षाराने जाळी तुंबते. महिन्या-दोन महिन्यांनी ती काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची.

मग एसटीपी. आमचा प्लँट 60,000 लिटर क्षमतेचा, एक्स्टेंडेड एरेशन पद्धतीचा, म्हणजे टाकीत सतत हवा सोडून जिवाणूंकडून घाण खाऊन घेणारा. तक्रार अशी की फ्लशला येणारं पाणी पिवळट असतं आणि वास येतो. रहिवाशांनी फ्लशची लाइन बंद करून पिण्याच्या लाइनवरून पाणी घ्यायला सुरुवात केली होती. दुरुस्तीचं कोटेशन आलं होतं ते आणखी एक फिल्टर आणि अल्ट्राफिल्ट्रेशन यंत्रणा बसवण्याचं. अभियंत्यांनी त्या कोटेशनकडे पाहिलंच नाही. त्यांनी एक लिटरचं मोजपात्र मागवलं, एरेशन टाकीतलं पाणी त्यात भरलं आणि ते कट्ट्यावर ठेवून घड्याळ लावलं.

ही चाचणी प्रत्येक सोसायटीच्या समितीने एकदा तरी स्वतः पाहावी. अर्ध्या तासात गाळ तळाशी बसतो आणि वर निवळ पाणी उरतं. गाळाची पातळी 250 ते 400 मिलिलिटरच्या दरम्यान, रंग चॉकलेटी, वास ओल्या मातीचा, तर जिवाणू ठणठणीत आहेत. पातळी शंभरच्या खाली असेल तर जिवाणूच पुरेसे नाहीत. सहाशेच्या वर असेल तर एक तर गाळ काढलेला नाही, नाही तर तो नीट बसतच नाही आणि वरच्या पाण्याबरोबर पुढे वाहत जातो. आमच्या पात्रातलं पाणी काळपट होतं, सडक्या अंड्यासारखा वास होता आणि अर्ध्या तासानंतरही मधोमध ढग तसाच तरंगत होता. काळा रंग आणि तो वास म्हणजे ऑक्सिजन मिळालेला नाही. अशा पाण्यावर पुढे कितीही फिल्टर लावले तरी ते आठवड्याभरात चोंदणार.

“दादा, ब्लोअर रात्री चालू असतो ना?” टाकीत हवा सोडणाऱ्या पंख्याबद्दल त्यांनी ऑपरेटरला विचारलं. ऑपरेटरने सांगितलं, वीजबिल कमी करा असा समितीचाच निरोप होता, म्हणून अकरा ते सात बंद असतो. पाच अश्वशक्तीचा ब्लोअर आठ तास बंद ठेवून रोज तीसेक युनिट वाचतात हे खरं. पण हवा थांबली की काही तासांत टाकीतला ऑक्सिजन संपतो, हवेवर जगणारे जिवाणू मरायला लागतात आणि दुसरे, दुर्गंधी करणारे, वाढतात. सकाळी सात वाजता ब्लोअर सुरू होतो तेव्हाच सगळ्या घरांतलं आंघोळीचं नि स्वयंपाकघराचं पाणी एकदम येऊन आदळतं. वीज वाचवायचीच असेल तर टायमर लावून रात्री पंचेचाळीस मिनिटं चालू, पंधरा मिनिटं बंद असं करता येतं. सलग बंद कधीच नाही. टाकीत विरघळलेला ऑक्सिजन लिटरमागे 2 मिलिग्रॅमच्या आसपास राहिला पाहिजे, ते मोजायचं मीटर प्रयोगशाळावाला घेऊन येतो.

टाकीच्या पृष्ठभागाकडे पाहूनही पुष्कळ कळतं. बुडबुडे सगळीकडे बारीक आणि सारखे हवेत. एका जागी पाणी उसळत असेल तर तिथल्या डिफ्यूझरचा, म्हणजे हवेचे बुडबुडे करणाऱ्या भागाचा, रबरी पडदा फाटलाय आणि सगळी हवा तिथूनच निघून जाते. हे पडदे साधारण पाच वर्षांनी बदलावे लागतात. आमचे कधीच बदललेले नव्हते. पडदे बदलले, ब्लोअर रात्रंदिवस सुरू केला, साठलेला गाळ काढला, वाळूच्या फिल्टरचा बॅकवॉश (उलटं पाणी सोडून धुणं) दाबाच्या फरकावरून करायला लावला: आत आणि बाहेर अर्धा किलोपेक्षा जास्त फरक दिसला की बॅकवॉश. पाणी सुधारलं, नवा फिल्टर लागला नाही. हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे कॅन वर्षभराचे एकदम आणून ठेवायची पद्धत बंद केली, कारण उन्हाळ्यात त्याची ताकद झपाट्याने उतरते. पंधरा दिवसांपुरतंच आणावं, सावलीत ठेवावं. शेवटच्या मजल्यावरच्या फ्लशमध्ये क्लोरीन 0.5 पीपीएमच्या आसपास आहे का ते ओटी किटने बघावं.

एमबीबीआर पद्धतीचा प्लँट असेल तर हे मोजपात्र फारसं उपयोगी नाही. तिथे जिवाणू प्लास्टिकच्या चकत्यांवर चिकटून असतात, म्हणून चकती हातात घेऊन तिच्यावरचा थर बघायचा.

अभियंत्यांनी दाखवलेली एक गोष्ट धोक्याची होती. फ्लशची आणि पिण्याची, अशा दोन लाइनी असलेल्या इमारतीत कुणी बाथरूमचं नूतनीकरण काढलं की प्लंबर चुकून जेट स्प्रे किंवा वॉशबेसिनही फ्लशच्या लाइनला जोडून टाकतो. तपासायचं कसं? रविवारी सकाळी पूर्वसूचना देऊन पिण्याची लाइन अर्धा तास बंद करायची आणि प्रत्येक घराला एकच प्रश्न विचारायचा: फ्लश सोडून कुठला नळ चालू आहे का? चालू असेल तर तिथे चुकीची जोडणी आहे. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रस्ता परिसरात जीबीएसची (गुलियन-बॅरे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराची) साथ आली तेव्हा दूषित पाण्याकडे सगळ्या शहराचं लक्ष गेलं. ही अर्ध्या तासाची तपासणी दरवर्षी व्हायलाच हवी आणि नूतनीकरणाच्या ना-हरकत पत्रात तशी अट हवी.

एसटीपीचं पाणी किती वापरता येईल याचाही आकडा आधीच काढावा. फ्लशला माणशी 45 लिटर, म्हणजे रोज 17,000 च्या थोडं वर. 600 चौरस मीटर बागेला उन्हाळ्यात 3,000. उरलेलं ड्रेनेजमध्येच जाणार. त्यामुळे क्षमता वाढवण्याचा सल्ला कुणी दिला तर आधी विचारावं: वाढलेलं पाणी वापरणार कुठे?

आता पाऊस. पुणेकरांचा सगळ्यात जास्त उत्साह इथे असतो आणि सगळ्यात जास्त ठरावीक साच्याची कामंही इथेच होतात. भूजलतज्ज्ञ मॅडमनी पहिल्यांदा अपेक्षांचा आकडा मांडला. पुण्यात वर्षाला सरासरी 700 ते 750 मिलिमीटर पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. एका इमारतीची गच्ची 400 चौरस मीटर. 400 गुणिले 0.72 गुणिले 0.8, म्हणजे सुमारे 2,30,000 लिटर. 0.8 हा गुणक उडून जाणाऱ्या, भिजण्यात जाणाऱ्या पाण्यासाठी. चारही गच्च्या मिळून 9,20,000 लिटर, म्हणजे आमच्या वापराच्या पंधराएक दिवसांचं पाणी. आणि फ्लशच्या टाक्यांतून झिरपणारे 8,640 लिटर वर्षभरात 31 लाखांच्या वर जात होते. चारही गच्च्यांवरच्या पावसाच्या तिपटीहून जास्त. हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहिल्यावर आधी काय करायचं याबद्दल समितीत वाद उरला नाही.

मग पुनर्भरण, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवणं, करायचंच कशाला? कारण बोअर उन्हाळ्यात कोरडा पडतो तो खडकामुळे. पुण्याखाली बेसाल्ट आहे, लाव्ह्याचे थरावर थर. वर माती-मुरूम, मग झिजलेला, सच्छिद्र मांजऱ्या खडक, त्याखाली कठीण काळा पाषाण, मग कुठे तांबडा, गेरूसारखा पट्टा आणि पुन्हा नवा थर. पाणी साठतं ते भेगांमध्ये आणि सच्छिद्र थरात. कठीण पाषाण जवळजवळ काहीच धरत नाही. म्हणून “तीनशे फूट गेलो म्हणजे पाणी भरपूर” हे इथे चालत नाही. उलट खोल बोअर वरच्या थरातलं पाणी खाली गळू देतो आणि शेजारची विहीर आटते. पाषाण, बाणेर, बावधनच्या टेकड्यांवर मुरलेलं पाणी खालच्या वस्त्यांच्या बोअरला येतं, त्यामुळे टेकड्या उघड्या राहणं हा या भागाच्या पाण्याचाच प्रश्न आहे. अ‍ॅक्वाडॅम या पुण्यातल्या संस्थेने शहराखालच्या जलधरांचा, म्हणजे पाणी धरून ठेवणाऱ्या खडकांच्या थरांचा, अभ्यास केलेला आहे आणि भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालयही पुण्यातच आहे. आपल्या भागाची माहिती मागायला लांब जावं लागत नाही.

आमच्याकडे दोन बोअर. ठेकेदारांचं कोटेशन दोन्हींना सारखंच: शेजारी खड्डा, त्यात गोटे, खडी, वाळू, केसिंगला भोकं, गच्चीचा पाइप खड्ड्यात. मॅडम म्हणाल्या, “आधी बोअर किती पाणी पितो ते बघू. मग खड्ड्याचं बोलू.”

त्यांनी बोअरमध्ये कॅमेरा सोडायला लावला. पडद्यावर केसिंगची कड दिसली, तिच्याखाली खरबरीत, भोकाभोकांचा राखाडी खडक, आणि अकराव्या मीटरच्या आसपास एका आडव्या फटीतून पाणी थेंबाथेंबाने भिंतीवरून उतरताना स्पष्ट दिसलं. त्याखाली बऱ्याच अंतरापर्यंत भिंत काळी, गुळगुळीत, कोरडी. म्हणजे पाणी द्यायचं आणि घ्यायचं ते त्या फटीच्या आसपास. दुसऱ्या बोअरमध्ये केसिंगच इतकं खोल गेलेलं होतं की तो सच्छिद्र थर पाइपामागे झाकला गेला होता.

मग चाचणी. पिण्यायोग्य पाण्याचा टँकर आणायचा, दुसरा कुठलाही नाही, कारण जे ओतणार ते थेट भूजलात जाणार. आधी स्थिर पातळी टिपायची. दोन्हींमध्ये ती 32 मीटरवर होती. 150 मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये मीटरमागे साधारण 18 लिटर मावतात, म्हणजे पातळीपासून तोंडापर्यंतची रिकामी नळी पावणेसहाशे लिटरची. मिनिटाला 90 लिटर या वेगाने पाणी सोडलं. पहिल्या बोअरची पातळी वर आली आणि त्या फटीच्या थोडी वर येऊन थांबली; पाणी सुरूच होतं, पातळी हलत नव्हती. म्हणजे खडक मिनिटाला 90 लिटर घेत होता. दुसरा बोअर सहा-सात मिनिटांत तोंडापर्यंत भरून वाहू लागला, म्हणजे फक्त नळी भरली, खडकाने काहीच घेतलं नाही. त्या बोअरवर कितीही सुंदर खड्डा बांधला असता तरी पहिल्याच सरीत तो तुंबला असता. मॅडमनी एक इशाराही दिला: मे महिन्यातली ही चाचणी आशावादी असते. ऑगस्टमध्ये भूजलाची पातळी वर आल्यावर तोच बोअर कमी पाणी घेतो.

आता पावसाचा जोर. तासाला 40 मिलिमीटरची सर आली तर 400 चौरस मीटर गच्चीवरून मिनिटाला 210 लिटरच्या आसपास पाणी येतं. बोअर पितो 90. उरलेल्या 120 लिटरसाठी मध्ये 10,000 लिटरची टाकी ठेवली तर ती सव्वा तासापेक्षा थोडा जास्त वेळ तग धरते. त्यापुढचं पावसाळी गटारात. म्हणून त्या बोअरला एकच गच्ची जोडली. दुसऱ्या गच्चीचं पाणी गाळून 20,000 लिटरच्या टाकीत, जिने धुण्यासाठी आणि गाड्यांसाठी. उरलेल्या दोन बागेतल्या उथळ चरांत, तळघरापासून दहा मीटर सोडून, कारण लिफ्टच्या खड्ड्यात पाणी यायला लागलं की लोक सगळं पुनर्भरणच बंद करतात.

बोअरमध्ये जाईल ते फक्त गच्चीचं पाणी. पार्किंगचं, रस्त्याचं कधीही नाही. त्यात ऑइल, टायरची भुकटी आणि कुत्र्या-मांजरांची घाण असते आणि खडकात गेलेलं ते पुन्हा काढता येत नाही. गच्चीचंही पहिलं पाणी सोडून द्यायचं: निदान एक मिलिमीटर, म्हणजे 400 लिटर. त्यासाठी उभ्या पाइपाला खाली झडप आणि तिच्यावर पाटी. ही झडप उघडायची कुणी, हे ठरलेलं नसेल तर ती कायम बंद असते. आमच्याकडे ते काम माळीकाकांकडे आहे आणि त्याचे वेगळे पैसे त्यांना मिळतात. फिल्टरची जाळी पावसाळ्यात दर आठवड्याला धुवायची, मेच्या अखेरीस गच्ची झाडून घ्यायची. कबुतरांना दाणे टाकायची जागा गच्चीवर असेल तर ती हलवायलाच लागते.

गच्चीवर सौर पॅनेल बसवायचे असतील तर पाण्याचे पाइप, वॉटरप्रूफिंग आणि पॅनेल यांचं नियोजन एकत्र झालं पाहिजे. पॅनेल पंचवीस वर्षं टिकतात, वॉटरप्रूफिंग आठ-दहा. आधी पॅनेल आणि मग गळती, असं झालं की सगळा सांगाडा उतरवावा लागतो. म्हणून आधी गच्चीवर पाणी साठवून तीन दिवस खालचा स्लॅब बघायचा, कोबा आणि कडेचे वाटे दुरुस्त करायचे, वर पांढरं चायना मोझॅक. त्याने सगळ्यात वरच्या मजल्यावरचा ताप कमी होतो आणि पावसाचं पाणीही स्वच्छ मिळतं.

सौर सल्लागारांनी दोनच गोष्टींवर जोर दिला, सावली आणि वारा. सामायिक मीटरचा वापर महिन्याला 3,600 युनिट; पुण्यात एक किलोवॉट वर्षाला साधारण 1,400 युनिट देतो, म्हणून 30 किलोवॉट. त्यापेक्षा जास्त बसवून फायदा नाही, कारण आर्थिक वर्षाच्या शेवटी उरलेली युनिटं कमी दराने जातात. शिवाय मंजूर भारापेक्षा मोठी यंत्रणा मिळत नाही, त्यामुळे बिलावरचा तो आकडा आधी बघावा. पीएम सूर्यघर योजनेत गृहनिर्माण संस्थांच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे. 30 किलोवॉटला 5,40,000 रुपये, मात्र देशी बनावटीचे सेल असलेलेच पॅनेल हवेत. जागा साधारण 300 चौरस मीटर.

सावलीसाठी डिसेंबरचा सूर्य धरायचा. 22 डिसेंबरला सकाळी साडेनऊच्या सुमारास 3 मीटर उंचीच्या टाकीची सावली वायव्येकडे पाच मीटरच्या पुढे जाते. विक्रेता मे महिन्यात दुपारी येऊन “सावली नाही” म्हणतो, ते त्या दिवसापुरतं खरं असतं. वाऱ्याचं तर फार कमी जण विचारतात. भारतीय मानकानुसार पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला 39 मीटर धरतात, म्हणजे ताशी 140 किलोमीटर. त्याचा दाब ढोबळ हिशेबाने चौरस मीटरला 93 किलो. 550 वॉटचं एक पॅनेल अडीच चौरस मीटरच्या वर, म्हणजे त्याला उचलण्याचा जोर 240 किलोपर्यंत जाऊ शकतो. एक फुटी काँक्रीटचा ठोकळा 65 किलोचा. नुसत्या ठोकळ्यांवर उंच सांगाडा उभा करणारं कोटेशन वळवाच्या वाऱ्यात टिकणार नाही. सांगाडा कॉलमच्या डोक्यावर बांधून घ्यावा, स्ट्रक्चरल इंजिनिअरच्या सहीनिशी. पॅनेल धुवायला बोअरचं जड पाणी नको, क्षाराचा पांढरा थर बसतो. एसटीपीचं तर अजिबात नको. गाळून साठवलेलं पावसाचं पाणी इथे उत्तम.

मानांकनाचं बोलणं थोडक्यात आटोपलं. वास्तुविशारद मॅडमनी सांगितलं की आयजीबीसीचं सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम किंवा ग्रिहाचे तारे या हरित इमारतींच्या मानांकनांचा नव्या बांधकामाला थेट लाभ आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत त्यासाठी 3, 5 आणि 7 टक्के जादा चटई क्षेत्र मिळतं. उभ्या इमारतीला तो लाभ नाही. पुनर्विकासाचा विचार असलेल्या सोसायट्यांनी मात्र हा मुद्दा बिल्डरशी करार करतानाच लिहून घ्यावा, आणि कोणत्या पातळीचं मानांकन, ते कुणाच्या खर्चाने, हेही. जुन्या इमारतीसाठी वेगळी मानांकनं आहेत, पण ती वीज-पाण्याच्या वर्षभराच्या नोंदी मागतात. “नोंदी आधी ठेवा, अर्ज मग,” एवढाच त्यांचा सल्ला, आणि त्याचे त्यांनी पैसेही घेतले नाहीत.

महापालिकेच्या मिळकतकरात सौर, पर्जन्य जलसंधारण आणि गांडूळखत यांपैकी एक प्रकल्प असेल तर सर्वसाधारण करात 5 टक्के, दोन किंवा अधिक असतील तर 10 टक्के सवलत आहे. प्रकल्प चालू असला पाहिजे. त्यासाठी झडपेचे, फिल्टरचे, मीटरचे तारीखवार फोटो ठेवलेले बरे.

देखभालीच्या करारात आम्ही ‘सर्व्हिस’ हा एकच शब्द ठेवू दिला नाही. एसटीपीवाल्याने रोज मोजपात्राचा आकडा, ब्लोअरचे तास आणि क्लोरीनचं वाचन वहीत लिहायचं. महिन्याचं बिल त्या वहीच्या फोटोंसह द्यायचं, नाही तर ते पुढच्या महिन्यावर जातं. सौर यंत्रणेच्या करारात वर्षाला किमान किती युनिट हे लिहिलं आहे आणि त्यापेक्षा कमी आली तर किती रक्कम कापायची तेही. टाक्यांची रात्रीची पातळी दर तिमाहीला तपासायची, कारण फ्लशचं रबर पुन्हा जातंच. दुसरा बोअर, जो पाणी घेत नाही, तो बुजवला नाही. त्याला कुलूप लागणारं झाकण बसवलं आहे आणि दर महिन्याच्या एक तारखेला दोन्ही बोअरमध्ये टेप सोडून पातळी टिपतात. पुढच्या मे महिन्यात पहिल्या बोअरची पिण्याची चाचणी पुन्हा होईल. 90 चा आकडा 60 च्या खाली आलेला दिसला तर फटीत गाळ बसलाय असं समजून पावसाआधी बोअर फ्लश करून घ्यायचा, हेही करारात आहे.